बिग टेन २०२१ : ‘ऑफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर’ कोण, वॉकर की स्ट्राउड?

ग्रँडरिव्हर
रविवार, २८ नोव्हेंबर २०२१

काल बिग टेनचा नियमित मोसम संपला. आता या आठवड्यात पुरस्कार जाहीर होतील. त्यातला ग्रॅहम-जॉर्ज, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह (आक्रमणाच्या बाजूच्या) खेळाडूचा पुरस्कार, ओहायो स्टेटच्या सी. जे. स्ट्राउडला मिळाल्यातच जमा आहे असं जो तो बोलतोय. मला ते मुळीच पटत नाही. हा मान मिशिगन स्टेटच्या केनेथ वॉकरचा आहे, आणि तेच मांडायला हा धागा काढतोय.

इथे बरेच जण कॉलेज फुटबॉल अधूनमधून बघणारे आहेत, म्हणून थोडी पार्श्वभूमी. बिग टेन ही मुख्यतः मिडवेस्टातल्या मोठ्या विद्यापीठांची कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या संघांचा गट, १८९६ पासूनची. यंदा, २०२१ मध्ये, तिच्यात १४ संघ आहेत. पुरस्काराच्या नावातला ग्रॅहम म्हणजे नॉर्थवेस्टर्नचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) ऑटो ग्रॅहम आणि जॉर्ज म्हणजे ओहायो स्टेटचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) एडी जॉर्ज. प्रशिक्षक आपलं मत वेगळं देतात, पत्रकार वेगळं.

आता वॉकर. गेल्या वर्षी कोविडमुळे मोसम आखडला होता, त्यात मिशिगन स्टेटने दोन सामने जिंकले आणि पाच हरले. यंदा दहा जिंकले, दोन हरले. मधल्या काळात जे बदललं त्यात सर्वात मोठी गोष्ट म्हणजे वेक फॉरेस्ट सोडून आलेला हा मुलगा. पहिलाच सामना नॉर्थवेस्टर्नच्या मैदानावर, पहिल्याच प्लेला (चालीला) ७५ यार्ड पळून टचडाउन, म्हणजे चेंडू गोल लाइनपार नेऊन सहा गुण. त्या रात्री त्याचे २६४ यार्ड आणि ४ टचडाउन झाले. मायामीविरुद्ध १७२. रटगर्सविरुद्ध २३३, त्यात एकच धाव ९४ यार्डांची, विद्यापीठाच्या इतिहासातली सर्वात लांब.

आणि मग ३० ऑक्टोबर. मिशिगन (हे वेगळं विद्यापीठ) तोवरचे सातही सामने जिंकलेलं, आणि आम्ही, मिशिगन स्टेटवालेही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मिशिगन ३०-१४ ने पुढे. मिशिगनसारख्या डिफेन्ससमोर सोळा गुणांनी मागे पडल्यावर बहुतेक संघ धावणं सोडून नुसते पास टाकायला लागतात. मिशिगन स्टेटने चेंडू वॉकरच्या हातात देणं सोडलं नाही. आधी एका यार्डावरून घुसून टचडाउन, वर दोन गुणांचं कन्व्हर्जन (टचडाउननंतरची जादा चाल). मग ५८ यार्डांचा टचडाउन, पुन्हा दोन गुण, बरोबरी. मिशिगनने फील्ड गोल मारून तीन गुणांची आघाडी घेतली, तर शेवटच्या क्वार्टरमध्ये २३ यार्ड पळून पुन्हा टचडाउन. ३७-३३. त्या दिवशी १९७ यार्ड, ५ टचडाउन, सगळे त्याचेच. कालच्या निकालानंतर बघा, मिशिगनला यंदा हरवणारा संघ एकच आहे.

एकूण हिशोब : २६३ वेळा चेंडू घेऊन धावला, १६३६ यार्ड, धावून १८ टचडाउन आणि झेलून एक. सरासरी धावेमागे सहा यार्डांच्या वर. समोरच्या प्रत्येक संघाला ठाऊक होतं की चेंडू यालाच जाणार, तरी हे आकडे.

ओहायो स्टेटने आम्हाला ५६-७ असं झोडपलं, तो सामना मी विसरलेलो नाही. त्यावर बोलूच. पण बारा सामन्यांच्या मोसमाचा निवाडा एका दुपारवर करू नये.

हायस्ट्रीट
रविवार, २८ नोव्हेंबर

ग्रँडरिव्हर, वॉकर जबरदस्त आहे, त्यात दुमत नाही. पण पुरस्कार कशाचा आहे ते आधी बघू. संघाचं नशीब कोणी पालटलं याचा नाही. ऑफेन्समध्ये वर्षभर सर्वात चांगलं कोण खेळलं, याचा आहे.

स्ट्राउड ११ सामने खेळला. ३८६२ यार्ड, ३८ टचडाउन, ५ इंटरसेप्शन (समोरच्या संघाने पकडलेले पास). अ‍ॅक्रनविरुद्ध त्याला बसवलं, कारण खांदा दुखत होता. त्यावरून ‘हा तर एक सामना खेळलाच नाही’ असं म्हणणारे दिसले. पण अ‍ॅक्रन बिग टेनमध्ये नाही आणि पुरस्कार बिग टेनचा आहे. फक्त कॉन्फरन्सचे नऊ सामने घ्या : ३१९३ यार्ड, ३४ टचडाउन, इंटरसेप्शन तीनच. सामन्यामागे साडेतीनशेहून जास्त यार्ड होतात. वॉकरचे त्याच नऊ सामन्यांतले यार्ड १२८१. धावणं आणि पास यांची थेट तुलना होत नाही हे मान्य, पण ३४ टचडाउनचं काय करणार?

शिवाय हा मुलगा फ्रेशमन (पात्रतेच्या पहिल्या वर्षातला) आहे. मागच्या वर्षी त्याने कॉलेजमध्ये एकही पास टाकला नव्हता. आधीचा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स गेल्यावर ही जागा कोण सांभाळणार याची कोलंबसमध्ये, म्हणजे आमच्या ओहायो स्टेटच्या गावी, सगळ्यांनाच धाकधूक होती. ऑरेगनविरुद्ध हरलो त्याही दिवशी त्याने ४८४ यार्ड फेकले होते. ३५ गुण डिफेन्सने दिले, त्याने नाही.

आणि २० नोव्हेंबर ही काही कुठलीशी दुपार नव्हती. पुरस्काराचे दोन दावेदार समोरासमोर होते. स्ट्राउड ३५ पैकी ३२ पास पूर्ण, ४३२ यार्ड, ६ टचडाउन, आणि सहाच्या सहा मध्यंतराच्या आत. वॉकर ६ धावा, २५ यार्ड. मध्यंतराला ४९-०. मतदान करणारा माणूस हे विसरणार कसं?

कोथरूडवासी
सोमवार, २९ नोव्हेंबर

वाचतेय. माझी धाकटी बहीण ईस्ट लान्सिंगला, मिशिगन स्टेटमध्ये, शिकते, तिच्यामुळे दोन वर्षांपासून हा खेळ बघायला लागले. मिशिगनचा सामना इथे रात्री साडेनऊला सुरू झाला म्हणून पूर्ण बघता आला, पेन स्टेटचा मात्र पहाटे दोनला होता. बर्फात वॉकर पळताना बघायला मिळेल म्हणून जागी राहिले.

एक शंका आहे, जाणकारांनी सांगावं. वॉकर आणि स्ट्राउड एकाच वेळी मैदानावर कधी नव्हतेच ना? एक असतो तेव्हा दुसरा बाकावर. मग ‘समोरासमोर’ म्हणजे नक्की काय? स्ट्राउडसमोर होता तो मिशिगन स्टेटचा डिफेन्स. क्रिकेटमध्ये समोरच्या संघाची गोलंदाजी दुबळी असली तर आपण त्या शतकाला थोडं कमी मोजतो. इथे तसं करत नाहीत का?

चौथाडाऊन
सोमवार, २९ नोव्हेंबर

कोथरूडवासी, अगदी नेमकं बोट ठेवलंत. मिशिगन स्टेटचा पासविरुद्धचा डिफेन्स सामन्यामागे दिलेल्या यार्डांत अख्ख्या देशात शेवटचा आहे. वरच्या विभागात १३० संघ आहेत, त्यांत तळाला. त्यामुळे त्या ४३२ यार्डांना थोडी कात्री लावायला हरकत नाही. मात्र ३५ पैकी ३२ पास पूर्ण करणं हे तळाच्या डिफेन्ससमोरही सोपं नसतं. तीन पास चुकले, बस्स.

वॉकरच्या सहा धावांचंही तेच. पाहता पाहता संघ चार-पाच टचडाउननी मागे गेल्यावर धावायला वावच उरत नाही. घड्याळ पळत असतं, पास टाकावेच लागतात. तो अडवला गेला त्यापेक्षा जास्त तो खेळातूनच बाहेर फेकला गेला. म्हणून मी तरी त्या सामन्यावरून दोघांपैकी कोणाचाही दावा पक्का करणार नाही.

आता जरा इतिहास, कारण मतदार कसे विचार करतात ते त्यातून कळतं. २०१४ साली हा पुरस्कार विस्कॉन्सिनच्या मेल्विन गॉर्डनला मिळाला, २५८७ यार्ड पळाला होता तो. २०१५ ला ओहायो स्टेटचा इझिकिएल इलियट, २०१६ आणि २०१७ ला पेन स्टेटचा सॅक्वॉन बार्कली. चार वर्षं ओळीने रनिंग बॅक. मग २०१८ ला ड्वेन हॅस्किन्स ५० टचडाउन पास टाकून गेला, २०१९ आणि २०२० ला जस्टिन फील्ड्स. तिन्ही वर्षं ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक. २०१९ मध्ये विस्कॉन्सिनचा जोनाथन टेलर दोन हजारांच्या वर यार्ड पळूनही मागे राहिला.

खेळ बदलला हे एक कारण झालं. दुसरं असं की ओहायो स्टेटचा ऑफेन्स असा रचलेला आहे की तिथल्या क्वार्टरबॅकचे आकडे फुगतातच. मतदाराने ते वजा करायला हवं, आणि तेवढे कष्ट फार थोडे जण घेतात असं माझं मत आहे.

वाबाशकाठ
सोमवार, २९ नोव्हेंबर

तुमचं दोघांचं चालू द्या, पण पर्ड्यूच्या डेव्हिड बेलचं नाव कोणीच काढलेलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. १६ ऑक्टोबरला आयोवा देशात दुसऱ्या क्रमांकावर होतं. बेलने त्यांच्यासमोर ११ झेल घेऊन २४० यार्ड काढले, आम्ही २४-७ जिंकलो. भाऊबीजेच्या दिवशी, ६ नोव्हेंबरला, मिशिगन स्टेट राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफच्या क्रमवारीत तिसरं होतं. रॉस-एड स्टेडियममध्ये आम्ही त्यांना ४०-२९ हरवलं, बेलचे पुन्हा ११ झेल, २१७ यार्ड. देशातल्या पहिल्या तिघांतल्या दोन संघांना एका खेळाडूने असं लोळवलं. मोसमात ९३ झेल, १२८६ यार्ड.

त्याच्यावर प्रत्येक प्लेला दोन-दोन माणसं असायची. समोरचा संघ आठवडाभर फक्त ‘बेलला कसं अडवायचं’ एवढंच ठरवून यायचा आणि तरी अडवू शकायचा नाही. वॉकरसाठी तुम्ही जो निकष लावताय तो बेललाही लावा.

हायस्ट्रीट
सोमवार, २९ नोव्हेंबर

बेल मोठाच रिसीव्हर (पास झेलणारा) आहे, पण टचडाउन सहाच. ऑफेन्समध्ये शेवटी गुण मोजले जातात.

वाबाशकाठ
सोमवार, २९ नोव्हेंबर

गोल लाइनजवळ आल्यावर बेलवर तीन जण जातात आणि चेंडू दुसऱ्याला मिळतो, म्हणून सहा. टचडाउन दुसऱ्याच्या नावावर लागतो, वाट त्याने मोकळी केलेली असते. पण ठीक आहे, त्याला वर्षातल्या सर्वोत्तम रिसीव्हरचा मान तरी द्या.

ग्रँडरिव्हर
सोमवार, २९ नोव्हेंबर

वाबाशकाठ, बेलबद्दल शंभर टक्के सहमत. पर्ड्यूच्या त्या सामन्यात वॉकर १३६ यार्ड धावला आणि तरी आम्ही हरलो, कारण पलीकडे बेल होता.

चौथाडाऊन यांनी जे ‘वजा करा’ म्हटलंय त्यावरच मला बोलायचंय. स्ट्राउड मागे सरकतो आणि समोर बघतो तेव्हा त्याला काय दिसतं? एका बाजूला क्रिस ओलाव्हे, दुसऱ्या बाजूला गॅरेट विल्सन, मधे जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा. तिघेही पुढेमागे एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) जाणार याबद्दल कोणाला शंका आहे? त्यांच्यामागे ट्रेव्हियन हेंडरसनसारखा फ्रेशमन रनिंग बॅक. असा संच बिग टेनमध्ये दुसऱ्या कोणत्याच क्वार्टरबॅकला मिळालेला नाही.

वॉकरची धाव नीट बघा. लाइनने (पुढच्या पाच जणांनी) वाट करून दिली आणि हा पळाला, असं कमी वेळा झालंय. बरेचदा पहिला माणूस लाइनच्या मागेच अंगावर यायचा. तो पाय आखडून बाजूला सरकायचा, पहिल्याला चुकवायचा, दुसऱ्याला खांद्यावर घेऊन आणखी पाच यार्ड न्यायचा. ते यार्ड त्याच्या एकट्याच्या कमाईचे आहेत. पेटन थॉर्न चांगला क्वार्टरबॅक आहे, जेलन नेलर आणि जेडन रीड चांगले रिसीव्हर आहेत. पण त्यांना एकेकटा बचावपटू मिळायचा तो याच्यामुळे. सगळा डिफेन्स वॉकरकडे डोळे लावून पुढे सरकलेला असायचा आणि डोक्यावरून चेंडू जायचा.

प्रशिक्षक मेल टकर यांना गेल्या आठवड्यात दहा वर्षांचा, साडेनऊ कोटी डॉलरचा करार मिळाला. त्या करारामागे वॉकरचे पाय आहेत असं मला मनापासून वाटतं.

हायस्ट्रीट
मंगळवार, ३० नोव्हेंबर

रिसीव्हरचा मुद्दा दरवर्षी येतो, म्हणून एकदा नीट उत्तर देतो.

चांगले रिसीव्हर असले म्हणजे चेंडू आपोआप त्यांच्या हातात जात नाही. प्ले सुरू झाल्यापासून अडीच-तीन सेकंद असतात. तेवढ्यात डिफेन्स कुठली चाल खेळतोय ते ओळखायचं, तिघांपैकी कोण मोकळा होईल ते तो मोकळा व्हायच्या आधी ठरवायचं आणि चेंडू अशा जागी टाकायचा की तो पळता पळता झेलेल. स्ट्राउडचे पास बघा, रिसीव्हरला थांबावं लागत नाही, वळावं लागत नाही. पर्ड्यूविरुद्ध पाच टचडाउन, मेरिलँडविरुद्ध पाच, रटगर्सविरुद्ध पाच. एवढं सातत्य नुसत्या शेजाऱ्यांच्या जिवावर येत नाही.

आणि नेब्रास्काच्या मैदानावर विल्सन खेळलाच नाही. तरी ४०५ यार्ड.

ग्रँडरिव्हर
मंगळवार, ३० नोव्हेंबर

त्याच सामन्यात दोन इंटरसेप्शनही होते आणि धावफलक २६-१७ होता. विल्सन नाही म्हटल्यावर स्मिथ-एन्जिग्बाने एकट्याने १५ झेल आणि २४० यार्ड काढले. एक मोठा खेळाडू बाहेर गेला की दुसरा उभाच असतो, माझं म्हणणं तेच आहे.

अ‍ॅनआर्बरकर
मंगळवार, ३० नोव्हेंबर

मिशिगनच्या बाजूने कोणी बोललेलं नाही, म्हणून लिहितो. आमच्या डिफेन्सने यंदा दोघांनाही तोंड दिलंय. चार आठवड्यांच्या अंतराने तसाच डिफेन्स, तेच एडन हचिन्सन आणि डेव्हिड ओजाबो. तुलना करायचीच तर याहून चांगली जागा नाही.

वॉकरने आम्हाला काय केलं ते वर आलंच आहे. त्या दिवशी आमची माणसं त्याच्यापर्यंत पोचत होती. पोचूनही तो हातून निसटत होता, हे मला जास्त लागलं. ५८ यार्डांच्या धावेत तर मधल्या फळीतून एकदा बाहेर पडला आणि मागून कोणाला गाठताच आलं नाही.

स्ट्राउडला परवा शनिवारी हचिन्सनने तीन वेळा सॅक केलं (पास टाकण्याआधीच पाडलं). बर्फ पडत होता, एक लाखाच्या वर लोक ओरडत होते, त्यांच्या लाइनकडून पुन्हा पुन्हा फॉल्स स्टार्ट (प्ले सुरू व्हायच्या आधीच हलण्याची चूक) होत होते. आम्ही ४२-२७ जिंकलो, २०११ नंतर पहिल्यांदा त्यांना हरवलं. आमच्या हसन हॅस्किन्सने १६९ यार्ड आणि ५ टचडाउन केले. एवढं सगळं होऊनही स्ट्राउडने ४९ पैकी ३४ पास पूर्ण केले, ३९४ यार्ड, दोन टचडाउन, इंटरसेप्शन एकही नाही. आम्ही त्याची लाइन मोडली. त्याला नाही मोडता आलं.

तरीही मत मागितलंत तर माझं वॉकरला. स्ट्राउडविरुद्ध काय करायचं ते आम्हाला माहीत होतं आणि आम्ही ते करून दाखवलं : त्याच्यापर्यंत पोचा, हेंडरसनला थोपवा, आणि आपल्या ऑफेन्सने चेंडू जास्तीत जास्त वेळ स्वतःकडे ठेवा. वॉकरविरुद्ध काय करायचं हे आम्हाला साठ मिनिटांत सापडलं नाही.

कोथरूडवासी
मंगळवार, ३० नोव्हेंबर

अ‍ॅनआर्बरकर दादा, प्रतिसाद फार आवडला. स्वतःच्या संघाला हरवणाऱ्याबद्दल इतकं मोकळेपणाने लिहिणं सोपं नाही.

एक मात्र मला अजून कळत नाही. ऑफेन्सिव्ह लाइनच्या पाच जणांना यातलं काहीच का मिळत नाही? स्ट्राउडला मिळणारे तीन सेकंद त्यांचे, वॉकरची पहिली फट त्यांची.

चौथाडाऊन
मंगळवार, ३० नोव्हेंबर

त्यांच्या नावावर आकडाच नसतो, हे साधं कारण. बिग टेनमध्ये लाइनमनसाठी वेगळा पुरस्कार आहे, पण ग्रॅहम-जॉर्ज लाइनमनकडे जायचा विचारसुद्धा कोणाच्या मनात येत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. मिशिगनच्या लाइनने शनिवारी जे केलं, त्यावर एक वेगळा धागा निघायला हवा.

माझं स्वतःचं मत अजून दिलेलं नाही, देतो. स्ट्राउड. आकडे फुगतात ते वजा केले, रिसीव्हर वजा केले, मिशिगन स्टेटचा ढिसाळ डिफेन्सही वजा केला, तरी वर्षभरात त्याचा खरोखर वाईट असा एकही सामना नऊ कॉन्फरन्स सामन्यांत सापडत नाही. वॉकरचे नेब्रास्काविरुद्ध ६१ यार्ड आहेत, इंडियानाविरुद्ध ८४. दोन्ही सामने मिशिगन स्टेटने जिंकले, पण ते त्याच्यामुळे नाही. शिखर वॉकरचं उंच आहे, ३० ऑक्टोबरइतकं उंच यंदा कोणाचंच नाही. पण पुरस्कार वर्षाचा आहे.

ग्रँडरिव्हर
बुधवार, १ डिसेंबर

इंडियाना आणि नेब्रास्काने ज्या दिवशी त्याला थोपवलं त्या दिवशी आम्ही अनुक्रमे पाच आणि तीन गुणांनी कसेबसे वाचलो, नेब्रास्काविरुद्ध तर ओव्हरटाइममध्ये. तो थांबला की संघ थांबतो. माझ्या लेखी हाही त्याच्याच बाजूचा पुरावा आहे.

हायस्ट्रीट
गुरुवार, २ डिसेंबर

निकाल आला. ग्रॅहम-जॉर्ज स्ट्राउडला, प्रशिक्षकांकडूनही आणि पत्रकारांकडूनही. शिवाय सर्वोत्तम क्वार्टरबॅक आणि सर्वोत्तम फ्रेशमन हे दोन्ही मान त्यालाच. वॉकर सर्वोत्तम रनिंग बॅक, बेल सर्वोत्तम रिसीव्हर.

वाबाशकाठ, बेलचं अभिनंदन. मनापासून.

ग्रँडरिव्हर
गुरुवार, २ डिसेंबर

स्ट्राउडचं अभिनंदन. प्रशिक्षक आणि पत्रकार दोघांचं एकमत व्हावं याचं मात्र नवल वाटलं. प्रशिक्षकांनी तरी वॉकरकडे झुकायला हवं होतं, आठवडाभर त्याची चित्रफीत बघून त्याला अडवायचे बेत त्यांनीच तर आखले होते.

ग्रँडरिव्हर
रविवार, १२ डिसेंबर

धागा वर काढतोय, कारण राष्ट्रीय पुरस्कार झाले. देशातल्या सर्वोत्तम रनिंग बॅकसाठीचा डोक वॉकर पुरस्कार वॉकरला, आणि देशातल्या सर्वोत्तम खेळाडूसाठीचा वॉल्टर कॅम्प पुरस्कारही वॉकरलाच. आपल्या कॉन्फरन्सने ज्याला दुसरा मानलं त्याला वॉल्टर कॅम्पच्या मतदारांनी सगळ्या देशात पहिला मानलं. त्या पुरस्कारात पहिल्या विभागातले प्रशिक्षक आणि क्रीडा माहिती अधिकारी मत देतात, म्हणजे खेळ जवळून बघणारीच माणसं.

हायस्ट्रीट
रविवार, १२ डिसेंबर

आणि काल रात्री हाइझमनमध्ये (देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या पुरस्कारात) स्ट्राउड चौथा, वॉकर सहावा. न्यूयॉर्कला अंतिम चौघांत स्ट्राउडला बोलावलं, वॉकरला नाही. ब्राइस यंग जिंकला, हचिन्सन दुसरा. प्रत्येक मतपेटीतून वेगळं उत्तर येतंय. म्हणजे आपण इथे आठवडाभर भांडलो ते उगाच नव्हतं.

अ‍ॅनआर्बरकर
रविवार, १२ डिसेंबर

हचिन्सन डिफेन्सचा खेळाडू असून दुसरा आला, तेही लिहा की.

हायस्ट्रीट
रविवार, २ जानेवारी २०२२

रोझ बोल, म्हणजे मोसमानंतरचा मोठा सामना, बघितला का कोणी? ओलाव्हे आणि विल्सन दोघेही खेळले नाहीत, एनएफएलच्या ड्राफ्टच्या (खेळाडू-निवडीच्या) तयारीसाठी थांबले. रिसीव्हरचा मुद्दा तपासायला याहून चांगली परीक्षा मिळाली नसती. स्ट्राउडने युटाहविरुद्ध ५७३ यार्ड फेकले, ६ टचडाउन टाकले. चौदा गुणांनी मागे होतो, ४८-४५ जिंकलो. स्मिथ-एन्जिग्बाला एकट्याला ३४७ यार्ड मिळाले, पण तीन टचडाउन झेलले ते मार्विन हॅरिसन ज्युनियरने, आणि तो वर्षभर फारसा खेळलेलाही नव्हता.

उलट बाजूला वॉकर पीच बोल खेळला नाही आणि मिशिगन स्टेट त्याच्याशिवाय पिट्सबर्गविरुद्ध ३१-२१ जिंकलं. थॉर्नने ३५४ यार्ड फेकले. तो थांबला की संघ थांबतो, असं तुम्ही म्हणाला होतात.

ग्रँडरिव्हर
रविवार, २ जानेवारी

रोझ बोल शेवटपर्यंत बघितला. स्ट्राउडचा शेवटच्या क्वार्टरमधला खेळ अप्रतिम होता, तो पुढच्या वर्षी हाइझमनच्या शर्यतीत पहिला असेल.

पीच बोलचं मात्र पूर्ण सांगा. पिट्सबर्गचा नेहमीचा क्वार्टरबॅक केनी पिकेटही खेळला नाही, आणि त्याच्या जागी आलेला निक पॅटी पहिल्याच क्वार्टरमध्ये जखमी होऊन बाहेर गेला. पलीकडे तिसऱ्या फळीचा क्वार्टरबॅक असताना आम्ही तीन क्वार्टर संपेपर्यंत दहाच गुण केले होते, २१-१० असे मागे होतो. शेवटच्या पंधरा मिनिटांत २१ गुण आले, त्याचं श्रेय थॉर्न, रीड आणि डिफेन्सला. पण पहिली पंचेचाळीस मिनिटं बघताना वॉकर नसल्याचं प्रत्येक तिसऱ्या डाऊनला (चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) जाणवत होतं. दोन यार्ड हवे असायचे आणि मिळायचे नाहीत.

आणि बोल सामने मतपत्रिकेत नव्हते. २८ नोव्हेंबरला जे समोर होतं त्यावर आज पुन्हा मत द्यायला सांगितलं तरी मी वॉकरलाच देईन.

कोथरूडवासी
सोमवार, ३ जानेवारी

स्ट्राउड आणि स्मिथ-एन्जिग्बा पुढच्या मोसमातही आहेत ना? वॉकर तर एनएफएलला चालला. बहीण म्हणते, ईस्ट लान्सिंगला ९ नंबरची जर्सी कुठल्याच दुकानात शिल्लक नाही. ऑगस्टमध्ये नव्या मोसमाचा धागा काढाल तेव्हा सामन्यांच्या भारतीय वेळाही द्या, इथून बघणारे आता आम्ही तिघे-चौघे आहोत.